युरिया टाकला, वैरण काळीभोर झाली, मग दूध का उतरलं?

जुलै निम्मा सरला की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या भोगावती नदीच्या काठाला एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं. हत्ती गवत पुरुषभर उंच झालेलं, पानं इतकी काळीभोर की लांबून लागणीचा ऊसच वाटावा. गव्हाण भरलेली, जनावर पोट फुटेस्तोवर खातंय. आणि दूध संस्थेतली चिठ्ठी हातात पडली की गाईचं फॅट ३.५ वरून ३.१ वर आलेलं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट ऐवज) ८.५ वरून ८.१ वर. शेण पातळ, शेपटीचा गोंडा कायम बरबटलेला, गाय भरवली तरी एकवीस दिवसांनी परत माजावर. मग आपण पेंड बदलतो, जंताचं औषध पाजतो, डॉक्टरांना बोलावतो. गवताकडं मात्र कुणी संशयानं बघत नाही, कारण गवत तर दृष्ट लागण्यासारखं झालेलं असतं.

मी हे सलग चार पावसाळे केलं आहे. दोन एचएफ (होल्स्टिन) गाई, दोन म्हशी आणि दहा गुंठे हत्ती गवत, एवढाच माझा पसारा. पाचव्या वर्षी कुठं कळलं की दुखणं गोठ्यात नव्हतं, रानात होतं. ज्यांच्याकडं हाच प्रकार दरसाल होतो त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी हिशोब करा, औषध नंतर. शेजारचे आण्णा मला म्हणाले होते, "मूठ किती टाकलीस ते सांगू नगोस, पोतं किती रानात संपलं ते सांग." मी सांगितलं, दहा गुंठ्यांत एक पोतं, दर कापणीला. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसता कागद पुढं केला. पोतं ४५ किलोचं, युरियात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे पोत्यात जवळपास २१ किलो नत्र. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. म्हणजे एका कापणीला मी हेक्टरी दोनशे किलोच्या वर नत्र ओतत होतो, आणि वर्षात कापण्या सहा. आता हे शेजारच्या रानाशी ताडून बघा. आडसाली उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्राची, आणि तो ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. मी गवताला एका वर्षात त्याच्या तिप्पट घालत होतो. तेही २६६ रुपयांना पोतं मिळतं म्हणून हात सैल. पोतं महाग असतं तर ही चूक झालीच नसती, असं मला मनापासून वाटतं.

तुम्हीही हा हिशोब आधी करा. लक्षात ठेवायला सोपं सूत्र असं, की गुंठ्याला एक किलो युरिया म्हणजे हेक्टरी साधारण ४६ किलो नत्र. तुमचा आकडा दर कापणीला गुंठ्यामागं दोन किलोच्या पुढं जात असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

नत्र गवतात काय करतं

नत्राशिवाय गवत नाही, हे आधी मान्य करू. नत्र कमी पडलं तर फुटवे कमी येतात, पानं अरुंद आणि पिवळी राहतात, खोड लवकर कडक होतं आणि प्रथिनं घसरतात. वैरणीत प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की पोटातल्या सूक्ष्मजीवांनाच खायला पुरत नाही. चारा पोटात पडून राहतो आणि जनावर गव्हाणीत तोंड घालेनासं होतं. अशा उपाशी गवताला माफक युरिया दिला की ते अक्षरशः उठून बसतं. ठोंबाला फुटवे वाढतात, पान रुंद होतं, प्रथिनं सात-आठवरून दहा-अकरा टक्क्यांवर जातात. इथपर्यंत युरियाचा प्रत्येक रुपया वसूल होतो.

अडचण त्यापुढं आहे. गवताची भूक भागल्यावर टाकलेलं नत्र ते नाकारत नाही, मुळांनी ओढतच राहतं. मात्र त्या नत्राचं प्रथिन करायला झाडाला साखर लागते, आणि साखर उन्हात तयार होते. आषाढात गगनबावड्यापासून करवीरपर्यंत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. मग दोन गोष्टी होतात. असलेली साखर नत्र बांधण्यात खर्ची पडते, म्हणून गवताचा गोडवा जातो. आणि उरलेलं नत्र प्रथिन न होता नायट्रेटच्या रूपात खोडात साठून राहतं. शिवाय पेशी मोठ्या, पातळ आणि पाण्यानं भरलेल्या होतात. भारा उचलताना खांद्याला जड लागतो, ते बहुतांशी पाणी असतं.

इथं प्रयोगशाळेच्या अहवालानंही फसायला होतं. चाऱ्यातलं प्रथिन मोजताना त्यातलं नत्र काढून त्याला ६.२५ नं गुणतात. नत्र खऱ्या प्रथिनातलं आहे की कच्चं, हे त्या गुणाकाराला कळत नाही. त्यामुळं जास्त युरियाच्या गवताचा प्रथिनाचा आकडा छान दिसतो, पण तो सगळा जनावराच्या कामाचा नसतो.

एक किलोची परीक्षा

हे कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवून मानू नका, घरी करून बघा. मी ऑक्टोबरात केलं होतं. रानाच्या एका टोकाला त्या कापणीत मुद्दाम गुंठ्याला एकच किलो युरिया दिला होता, दुसऱ्या टोकाला नेहमीसारखा साडेचार किलो. एकाच दिवशी, एकाच वयाचं गवत दोन्हीकडून कापलं, कडबाकुट्टीतून काढलं आणि घरच्या तराजूवर बरोबर एक-एक किलो मोजून दोन वेगळ्या पत्र्यांवर पातळ पसरलं. तीन दिवस कडक ऊन खाऊ दिलं, रात्री उचलून आत ठेवलं. मुठीत दाबल्यावर चुरचुर आवाज यायला लागला तेव्हा परत वजन केलं. कमी युरियाचं भरलं १९५ ग्रॅम, जास्तीचं १५५ ग्रॅम. पावसाळ्यात ऊन नसेल तर लोखंडी तव्यावर मंद आचेवर, करपू न देता परतून हेच करता येतं, फक्त वेळ द्यावा लागतो.

चाळीस ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण गाईला दिवसाला २५ किलो ओली वैरण टाकली तर जास्त युरियाच्या वैरणीतून ३ किलो ८७५ ग्रॅम कोरडा ऐवज पोटात जातो आणि कमी युरियाच्या वैरणीतून ४ किलो ८७५ ग्रॅम. रोजचा एक किलो कमी. एवढ्या कोरड्या वैरणीत साधारण दीड लिटर दुधाची ताकद असते. पोट तर भरलेलं दिसतं, कारण पाणीही जागा घेतंच. चारशे किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला बारा किलोच्या आसपास कोरडा ऐवज लागतो. तो ओल्या पाटीच्या वजनावर मोजला की फसगत होते. "गाय पोटभर खातीय तरी उतरतीय" याचं पहिलं उत्तर हेच.

फॅट, पातळ शेण आणि उलटणं

कोवळ्या, पाणीदार गवतात तंतू कमी असतात. तंतू कमी म्हणजे रवंथ कमी, रवंथ कमी म्हणजे लाळ कमी, आणि दुधाचं फॅट पोटात तंतू कुजण्यावर अवलंबून आहे. म्हणून फॅट आधी उतरतं. एसएनएफ उतरतं ते ऊर्जा कमी पडल्यानं. पोटात नत्राचा अमोनिया होतो. सूक्ष्मजीवांना त्याचं प्रथिन करायला त्याच वेळी साखर-स्टार्च हवा, आणि आपलं गवत तर बिनसाखरेचं. मग जास्तीचा अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मुतावाटे, दुधावाटे बाहेर पडतो. हे काम फुकट होत नाही, गाईची ताकद त्यात जाते. गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरण्याइतका मुताचा उग्र वास येत असेल तर त्याकडं लक्ष द्या. आमच्याकडं तो वास श्रावणात हमखास यायचा, मी पावसाळी कोंदटपणा समजत होतो. रक्तात युरिया सतत चढा राहिला की गर्भाशयातलं वातावरणही बिघडतं आणि गाय गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. उलटण्याची, म्हणजे भरवूनही परत माजावर येण्याची, कारणं दहा असतात, डॉक्टरांकडून तपासणी हवीच. पण तपासणीत काही सापडत नाही आणि दर पावसाळ्यातच उलटते, असं असेल तर वैरणीचा विचार करा.

जिवावर बेतणारा भाग

हा परिच्छेद घाईत असाल तरी वाचा.

गोठ्याच्या मागं जिथं मुताची नाली रानात उतरते तिथलं गवत नेहमी सगळ्यात दाट आणि काळं असतं. मुतातला युरिया तिथं बारमाही पडत असतो, त्यावर आपण पोत्यातला टाकतो. माझी दुसऱ्या वेताची गाय ह्याच तुकड्यातल्या वैरणीनं बसली होती. चार दिवस झड लागलेली, आदल्या रात्री वैरण संपलेली, जनावर उपाशी. पहाटे अंधारात जवळचं म्हणून मागचं गवत अगदी जमिनीलगत कापलं आणि तसंच टाकलं. दोन तासांत गाय धापा टाकायला लागली, मागचे पाय लटपटले आणि ती खाली बसली. पापणी उलटून बघितली तर आतला भाग गुलाबी नव्हता, मातकट तपकिरी होता. डॉक्टर लगेच आले, रंगावरूनच त्यांनी ओळखलं आणि शिरेतून मिथिलीन ब्ल्यू दिलं. दुपारपर्यंत गाय उभी राहिली. अर्धा तास उशीर झाला असता तर राहिली नसती.

ही नायट्रेटची विषबाधा. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात जाऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घालवतं. रक्त चॉकलेटी पडतं आणि जनावर भरल्या हवेत गुदमरतं. त्या पहाटे मी एकही चूक बाकी ठेवली नव्हती, म्हणून ती एकेक करून सांगतो. ढगाळ दिवस सलग होते, त्यामुळं नायट्रेटचं प्रथिन होत नव्हतं. नायट्रेट पानात कमी आणि खोडाच्या बुडख्यात सगळ्यात जास्त असतं, आणि मी बुडख्यासकट कापलं. पहाट होती, उन्हाचा स्पर्श नाही. जनावर उपाशी होतं, त्यामुळं त्यानं भराभर खाल्लं. आणि युरिया टाकून तेरा-चौदा दिवसच झाले होते.

अशी लक्षणं दिसली तर गव्हाणीतली वैरण ताबडतोब काढा, जनावराला पळवू-चालवू नका, डॉक्टरांना फोनवरच "बहुतेक नायट्रेट, पापणी तपकिरी" असं सांगा, म्हणजे ते औषध घेऊनच निघतील. सलाईन-इंजेक्शनचं घरी काही करू नका. बाकीची जनावरं ठीक दिसली तरी त्यांचीही वैरण बदला. पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत डायफिनाइलअमाइनची साधी चाचणी असते. खोड चिरून त्यावर थेंब टाकला आणि गडद निळा रंग आला तर नायट्रेट आहे असं समजतं. संशय असेल तर खोडाचा बुडखा नमुना म्हणून न्या, नुसती पानं नेऊन उपयोग नाही.

कडवळ (चाऱ्याची ज्वारी) किंवा मका करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. उलट पावसानं ताण दिलेल्या मक्यात आणि ज्वारीत नायट्रेट आणखी साठतं, आणि ताणानंतर पहिला पाऊस पडल्यावरचे चार-सहा दिवस सगळ्यात धोक्याचे. कोवळ्या ज्वारीत सायनाइडची बाधा वेगळी, ती धरून दोन धोके होतात.

वाढे आणि हत्ती गवत, दोन्हीची जोडी

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट फार कमी बोलली जाते. हत्ती गवतात ऑक्झॅलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि जनावराला मिळू देत नाही. भरपूर नत्र आणि कोवळी कापणी, दोन्हीनं ऑक्झॅलेट वाढतं. आणि ऊसतोड सुरू झाली की आपण काय टाकतो? वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. त्यातही ऑक्झॅलेटच. म्हणजे पावसाळाभर युरियाचं कोवळं गवत आणि गाळप हंगामभर वाढे, अशी दुभती गाय वर्षभर कॅल्शियमला वंचित राहते. व्यायल्यावर गाय थंड पडून बसणं, वार अडकणं, यांच्यामागं हे असू शकतं. खनिज मिश्रण दिवसाला पन्नास ते शंभर ग्रॅम, रोज, न चुकता. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडून मग टाकायची जुनी रीत आहे, ती सोडू नका. गवत पंचेचाळीस दिवसांच्या आत कापायची घाई टाळली तरी ऑक्झॅलेट बरंच खाली येतं.

गवत पिवळं दिसतंय म्हणून युरिया? थांबा

निम्मा युरिया आपण चुकीच्या निदानावर टाकतो. पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर नत्र कमी आहे, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि खालची हिरवी असतील तर युरियाचा काही संबंध नाही. शिरोळ, हातकणंगलेच्या चुनखडीच्या काळ्या रानात नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा दिसतो, ती लोहाची कमतरता. तिथं फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम, थोडी चुन्याची निवळी मिसळून फवारावी लागते. नवं पान सगळंच फिकट असेल तर गंधक बघा. गंधकाशिवाय नत्राचं प्रथिन पुरं होत नाही, वर टाकलेलं नत्र कच्चंच साठतं. म्हणून वर्षातून एक-दोनदा युरियाऐवजी अमोनियम सल्फेट देतो. लागवडीला सिंगल सुपर फॉस्फेट वापरलं तरी गंधक मिळतं.

आणि पाणी साचलेलं रान. मुळं गुदमरली की खत असूनही उचलता येत नाही, गवत पिवळं पडतं. आपण वरून युरिया फेकतो, तो वाहून जातो नाहीतर चिखलात हवेत उडतो. आधी चर काढा, वापसा येऊ द्या. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकाठच्या कितीतरी जणांनी गाळातल्या ठोंबावर पाणी ओसरताच पोती रिकामी केली. मीही केली. ठोंब आठ-दहा दिवसांत स्वतःच फुटले होते, त्यांना हवा पाहिजे होती.

किती, कधी, कसा

आता मी काय करतो ते. कापणीनंतर लगेच टाकत नाही. उघडं रान, तापलेली जमीन आणि पाचोळा असताना वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो, काळ्या चुनखडीच्या रानात तर जास्तच. चार-पाच दिवसांनी कोंब दिसले की ठोंबांच्या दोन ओळींमध्ये कुदळीनं चळी काढून गुंठ्याला एक किलो, माती ओढून झाकतो आणि हलकं पाणी देतो. पाऊस जोराचा असेल तर हाच किलो दोन वेळा, निम्मा पाचव्या दिवशी आणि निम्मा पंधराव्या. त्यानंतर काही नाही. गवत कापतो ते पंचेचाळीस ते पन्नासाव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दाण्यापासून कापणीपर्यंत महिना जातो. युरिया टाकल्यापासून वीस दिवसांच्या आत तर कापायचंच नाही, मग गोठ्यात कितीही नड असो. ओल्या पानांवर फेकणं बंद केलं. पानाच्या बेचक्यात दाणे अडकतात, टोकं जळतात, आणि चुकून तसंच कापलं तर दाणा पोटात जातो. रिकामं पोतं जनावराच्या तोंडाला लागू देऊ नका, ते चाटून जनावरं दगावतात.

गोठ्याच्या नालीच्या तुकड्याला एक दाणाही नाही. शेणखत पडलेल्या पट्ट्याला निम्मा. पालाश (पोटॅश) विसरायचा नाही, हत्ती गवत पालाश फार ओढतं. चार-पाच वर्षांचे ठोंब युरिया टाकूनही फुटत नाहीत तिथं बहुतेक पालाश संपलेला असतो किंवा ठोंबच म्हातारा झालेला असतो, तो खोदून नवी कांडी लावावी. माती परीक्षण करून घ्या. पश्चिमेच्या तांबड्या आम्ल रानात युरियानं आम्लता आणखी वाढते, तिथं माझा एक किलोचा आकडा डोळे झाकून घेऊ नका.

दर तीन-चार ओळींनंतर एक ओळ दशरथ घासाची लावली आहे, बांधाला शेवरी. द्विदल वैरण हवेतलं नत्र घेते, तिच्यातलं प्रथिन खरं असतं आणि कॅल्शियमही चांगलं. सगळ्या वैरणीचा एक तृतीयांश द्विदल करता आला तर युरियावरची ओढ आपोआप कमी होते. माझ्याकडं अजून तेवढा झालेला नाही, चौथाईपर्यंत आलाय.

आधीच जास्त टाकून बसला असाल तर

रान उभं आहे, युरिया जास्त पडलाय, गोठ्यात वैरण दुसरी नाही. बहुतेक जण हे वाचताना इथंच असतील. उभ्या गवतातून नत्र काढता येत नाही, पण वेळ देता येतो. जितके दिवस पुढं जातील आणि जितकं ऊन मिळेल तितकं नायट्रेट उतरतं. दोन-तीन दिवस उघडीप मिळाल्यावर कापा. पहाटे नाही, दुपारी तीननंतर. तोवर दिवसभराच्या उन्हात साखर तयार झालेली असते आणि नायट्रेट कमी. जमिनीपासून वीतभर बुडखा सोडून द्या, दोन-चार भारे कमी मिळाले तरी चालतील. कापलेलं गवत चार-सहा तास सावलीत पसरून सुकू द्या, ओलं ढीग करून रात्रभर ठेवू नका. ढीग तापला की नायट्रेटचं नायट्राइट ढिगातच व्हायला लागतं.

गोठ्यात आधी कडबा किंवा पिंजार टाका, जनावराची पहिली भूक त्यावर जाऊ द्या, मग गवत. कुट्टी करताना दोन वाटे गवत आणि एक वाटा कडबा एकत्र. सोबत मक्याचा भरडा, एक-दीड किलो, दोन वेळा विभागून. इथं सरकी पेंड वाढवायची चूक होते. पेंडेत प्रथिन असतं आणि प्रथिन तर आधीच उतू चाललंय, कमी आहे ते धान्य. माझ्या गाईचं शेण या बदलानं पाचव्या-सहाव्या दिवशी आवळलं, फॅट सावरायला दोन आठवडे लागले.

मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला चारा, केला तर आंबवणात नायट्रेट बरंच उतरतं, वाळवून ठेवलं तर उतरत नाही. पण अशा पाणीदार, बिनसाखरेच्या गवताचा मुरघास नुसता दाबला तर सडतो. आधी सुकवून, दोन-तीन टक्के मळी (मोलॅसिस) मिसळून भरा. आणि पहिले दोन-तीन आठवडे खड्ड्यात किंवा टाकीत कुणी उतरू नका, पोरांना जवळ फिरकू देऊ नका. नायट्रेट जास्त असलेल्या मुरघासातून पिवळट-तपकिरी वायू निघतो, तो माणसाच्या फुप्फुसाला घातक असतो.

माझ्या गोठ्याच्या दारामागं आता कोळशानं लिहिलेल्या ओळी आहेत. तुकडा, कापणीची तारीख, युरियाची तारीख, किलो. वैरण कुणीही कापायला निघालं, बायको असो, भाऊ असो की रोजगारी, आधी तिथं बघतात आणि दिवस मोजतात. मागच्या आषाढात नालीचा तुकडा सोडून पुढच्या पट्ट्याच्या मागच्या कापणीला सव्वीसच दिवस झाले होते, झड लागलेली. भाऊ विळा घेऊन दारात उभा राहिला, ओळी वाचल्या आणि त्या दिवशी शेजाऱ्याकडून दोन पेंढ्या कडबा उसना आणला.